गेट नंबर एकच्या मागचं भात

(रविवार, सकाळचे दहा. नाहूरचं सातव्या मजल्यावरचं घर. टेबलावर श्रुतिकाचा लॅपटॉप उघडा, समोर तिचे आजोबा चंद्रप्रकाश. आजी जानकी स्वयंपाकघराच्या दारात.)

चंद्रप्रकाश : ...आणि मग मी ते गेट उचललं. लिहून घे, 'उचललं'. 'उघडलं' नाय लिहायचं. मणामणाचं लोखंड, चाक फिरवून फिरवून हाताला फोड आलेले.

श्रुतिका : आजोबा, मी लिहीत नाहीये. तुम्ही बोलायचंय. अकराला कॉल आहे, समोर राजस्थानातल्या बासष्ट घरांची माणसं बसणार, आणि तुमचं गेट अजून वर जातंच आहे.

चंद्रप्रकाश : त्यांना घाई असेल तर दुसरा फिटर बघा म्हणावं. मी सुरुवातीपासून सांगणार.

जानकी : सांगूं दे गो त्यांका. दोन दिवस आरशासमोर उभे रवून बोलतत. काल दाढी करताना गालच कापून घेतल्यानी.

श्रुतिका : बरं, सांगा. पण फक्त कामाचं. वाळवंट होतं, कालवा आला, शेती झाली, गाव वसलं. दहा मिनिटांत.

चंद्रप्रकाश : अकरा वर्षं दहा मिनिटांत? वा रे वा! तुझ्या कालव्याच्या ऑफिसात असंच काम चालतं वाटतं, अंधेरीत एसीत बसून राजस्थान भिजवायचा.

श्रुतिका : आजोबा!

चंद्रप्रकाश : बरं, ऐक. ब्याऐंशीचा संप, गिरणीला कुलूप. मी साकीनाक्याला एका वर्कशॉपात लागलो. तिथं कालव्याची गेटं बनायची. दीड-दोन वर्षं झाली आणि मालक म्हणाला, चंदू, ट्रकबरोबर जा, दोन महिन्यांत गेटं बसवून ये. गेलो तो अकरा वर्षांनी आलो.

जानकी : आणि माका काय लिवल्यानी ठाव आसा? 'हंय समुद्रासारखी वाळू आसा, तुका आवडात.' समुद्रच नाय तर ती वाळू काय चाटूची? सुयोगाक घेवन गेलंय, चार वर्सांचो होतो तुझो बाबा. भाकरीत वाळू, अंथरुणात वाळू. पोराचा नाक पुसलंय तरी वाळू.

चंद्रप्रकाश : पण वाळवंट म्हणजे काय ते आधी समजून घे. पिक्चरमधलं नाय. अडीचशे हात खोल विहीर, दोन उंट लावून पाणी ओढायचं आणि ते निघायचं कडू. तीन वर्षांतून एकदा पाऊस, तेव्हा बाजरी नि मटकी. बाकी दोन वर्षं माणसं गुरं घेऊन निघून जायची. पुढे चक तेवीस झालं ते आमचं गाव म्हणजे तेव्हा सात झोपड्या. बाकी टिब्बे, वाळूच्या टेकड्या. आज इथं टिब्बा दिसला तर चार महिन्यांनी त्याच जागेवर असेल याची खात्री नाय.

श्रुतिका : मग पाणी आलं.

चंद्रप्रकाश : तू पळवू नको मला. पाणी असं येत नाय. पहिले तीन दिवस सगळं वाळूच प्यायली. पाट नुसता ओला, पुढे काय सरकेना. चौथ्या दिवशी सरकलं. पहिल्या शेताचा मालक साहिराम, सहा फूट माणूस, जोडे काढून पाटात उतरला आणि पाण्याच्या तोंडाबरोबर चालत गेला. पाणी एक पाऊल, तो एक पाऊल. शेवटच्या शेतापर्यंत पाच मैल गेला असाच. त्याच्या उंटानं वाहतं पाणी कधी बघितलंच नव्हतं. तो पाटाच्या कडेला बसला तो उठेचना. शेवटी डोळ्यांवर कापड बांधून नेला त्याला.

श्रुतिका : हे झकास आहे. हे सांगा.

चंद्रप्रकाश : सांगणारच आहे! सगळं झकासच आहे माझं. तर आमचा छोटा कालवा, त्यावर नऊ गेटं. पहिल्या गेटापाशी आमची खोली, नवव्या गेटापाशी शेवटची शेतं. प्रत्येकाला पंचवीस बिघे जमीन. पाणी कसं वाटायचं? घड्याळावर. आठवड्याचे तास जमिनीच्या हिशेबानं वाटून टाकलेले. तुझी पाळी सोमवारी सहा वीसला सुरू तर सहा वीसलाच, सहा एकवीसला नाय. तुझा बाप मेला तरी पाळी चुकायची नाय.

श्रुतिका : वारबंदी.

चंद्रप्रकाश : हां, वारबंदी. आता बघ, माणसं कुठकुठली आलेली. कोण सीमेकडचा, कोण धरणात गाव बुडालेला, कोण मेंढपाळ. एकमेकांच्या माठातलं पाणी पीत नव्हते सुरुवातीला. पण शेजाऱ्याची पाळी किती वाजता संपते ते सगळ्यांना तोंडपाठ. कारण त्याची संपली की तुझी सुरू. मग बोलावंच लागतं. भांडायला का होईना, बोलावं लागतं. लग्न ठरलं तर भटजीच्या आधी पाळीचा कागद बघायचे. पाळी असेल त्या दिवशी मुहूर्त नाय.

जानकी : आणि शाळा सांगा. मोहरी सांगा.

चंद्रप्रकाश : सांगतो गो. तिसऱ्या वर्षी मोहरी आली. नजर जाईल तिथपर्यंत पिवळं. हरभरा आला, गहू आला, कापूस आला. कालव्याच्या दोन्ही कडांना शिसवीची झाडं लावली, वादळात वाळू आत पडू नये म्हणून. पाचव्या वर्षी सात झोपड्यांची साठ घरं, एक शाळा, एक न्हावी आणि दिवसातून दोनदा एसटी.

श्रुतिका : तिकडे एसटी?

चंद्रप्रकाश : तिकडची एसटी! तू नको ते पकडतेस.

जानकी : आणि भात? भात सांगूचा नाय?

श्रुतिका : कुठलं भात, आजी?

जानकी : बघा, नातीक ठाव नाय! अख्ख्या सोसायटीक ठाव आसा, हळदीकुंकवाक येणाऱ्या सगळ्यांका ठाव आसा. अगो, वाळवंटात पयला भात मी लावलंय. माझ्या माहेरचा बियाणा. थंय जावन चार महिने माका बोलूक कोण नाय, त्यांची भाषा माका कळना नाय, रोज बाजरीची भाकरी. पेज नाय, कढी नाय. खोलीच्या मागे गेटाचा पाणी साचायचा, थंय मूठभर बियाणा टाकलंय. उगावला. हिरवागार! धापू रोज पाच मैल चलान येयची बघूक, शेवटच्या शेतावरली. ती नि मी उकड्या तांदळाची पेज करून खाल्लंव, हसान हसान मेलंव. तिका पेज म्हणूक येयना नाय, 'पेच' म्हणायची.

चंद्रप्रकाश : जानके, बाजारात जाणार होतीस ना? साडेदहा होतील, बांगडे संपतील.

जानकी : जातंय. भात सांगा हां त्यांका. साहिरामान माझाच बघून भात लावलो, नावानिशी सांगा. येतंय मी.

श्रुतिका : ...गेली. लिफ्टचा आवाज आला.

चंद्रप्रकाश : हां. चल, पुढे बोलू. तर पाचव्या वर्षी...

श्रुतिका : आजोबा, तुम्ही आजीला पिटाळलंत.

चंद्रप्रकाश : बांगडे संपतात खरंच.

श्रुतिका : मला काल ऑफिसात जुन्या इंजिनीअरची डायरी मिळाली, तुमच्या कालव्याची. आम्ही सगळे जुने कागद स्कॅन करतोय ना. त्यात एक नोंद आहे, एकोणीसशे शहाऐंशीची. 'पहिले भात, गेट नंबर एकच्या खोलीमागे. गेटातून गळती. फिटरला ताकीद दिली.' गेट नंबर एकच्या खोलीत कोण राहायचं?

चंद्रप्रकाश : ...साहेब लिहायचा बरंच काही. रिकामटेकडा होता.

श्रुतिका : पुढे एकोणनव्वदची नोंद आहे. 'पहिल्या तीन गेटांखाली भात. जमिनीवर मीठ. शेवटची अकरा कुटुंबं गाव सोडून गेली.' हे तुम्ही कधीच सांगितलं नाहीत. तुमच्या गोष्टीत मोहरी आहे, उंट आहे, न्हावी पण आहे. हे कुठेच नाही.

चंद्रप्रकाश : तुला कालवा कसा यशस्वी झाला ते पाहिजे ना? मग ते घे. बाकी कशाला उकरतेस?

श्रुतिका : कारण मला तेच पाहिजे! आजोबा, चक एकतीसमध्ये, त्या कॉलवरच्या नव्या गावात, आज काय ठरणार आहे, माहितीये? तिथे पाणी येऊन चारच वर्षं झालीत. वरच्या बारा जणांना भात लावायचंय. ते आधीच जास्त पाणी घेतायत, खालच्या अठरा घरांचं पाणी आत्ताच अर्ध्यावर आलंय. तीन शेतांवर मिठाचं पांढरं दिसायला लागलंय. आज मतं घेणार. एकदा भात घ्यायचं ठरलं की खलास. मागच्या मीटिंगला मी नकाशे दाखवले, ग्राफ दाखवले. एक काका उठून म्हणाले, 'बेटी, तूने कभी पानी की बारी लगाई है?' सगळे हसले. माझी पार वाट लागली. मी घरी येऊन रडले, आईला विचारा.

चंद्रप्रकाश : मला सांगितलं नाय कोणी.

श्रुतिका : तुम्ही त्यांना नुसतं हिरवंगार सांगितलंत ना, तर ते म्हणतील, बघा, तिकडे पाणी आलं नि सोनं झालं, आपण पण भात लावू. तुमच्यामुळे मी आणखी हरेन.

चंद्रप्रकाश : ...पाणी दे जरा.

श्रुतिका : घ्या. रागावलात?

चंद्रप्रकाश : नाय. ऐक. फिटरचं काम काय? गळती बंद करणं. गेटाला खाली रबराची पट्टी असते, ती झिजली की बदलायची. अर्ध्या तासाचं काम. माझ्याकडे पट्ट्या होत्या, पेटी भरून होत्या. मी ती बदलली नाय. मुद्दाम.

श्रुतिका : आजीच्या भातासाठी.

चंद्रप्रकाश : ती तिकडे आली ती नुसती बसून असायची. सुयोगला जेवण भरवायची आणि भिंतीकडे बघत बसायची. मी विचारायचो, ती हूं म्हणायची. मला वाटलं, ही वेडी होणार इथं. आणि एक दिवस मी कामावरून आलो तर ही हसतेय. मागे डबक्यात चार पाती उगवलेली आणि ही त्याच्याकडे बघून हसतेय. मग मी ती गळती बंद करू? कशी करू, सांग.

श्रुतिका : मी पण नसती केली.

चंद्रप्रकाश : तेवढ्यानं काय बिघडत नव्हतं गं. ओंजळभर पाणी. पण साहिरामनं बघितलं. वाळूत पाणी साचू शकतं हे त्याला माझ्या डबक्यावरून कळलं. त्यानं पंजाबातून बियाणं आणलं. मग एके दिवशी आला, म्हणाला, चंदूभाई, गेट चार बोटं वर कर. मी म्हटलं, नाय जमणार, खालच्यांचं पाणी कमी होईल. तो काय म्हणाला माहितीये? हसून म्हणाला, भाभीच्या भाताला चालतं, माझ्या भाताला नाय चालत? मी काय बोलणार होतो? ज्याचं स्वतःचं गेट गळतं तो दुसऱ्याला नियम कसे शिकवणार? केलं वर. मग दुसरा आला. मग तिसरा.

श्रुतिका : आणि खाली पाणी पोचेना.

चंद्रप्रकाश : खाली पाणी नाय आणि वर पाणी जास्त. त्या जमिनीच्या पोटात कडक थर आहे, पाणी खाली जिरतच नाय. चढत चढत वर आलं आणि खालचं मीठ घेऊन आलं. पहिल्यांदा झाडं वाळली. मग घरांच्या भिंती ओल्या होऊन गळायला लागल्या. मग शेतं पांढरी. साहिरामच्या वीस बिघ्यांवर गवताचं पातं नाय. खाली अकरा घरं तहानेनं उठली आणि वर तीन गेटांचे लोक पाण्यानं बुडाले.

श्रुतिका : मग आज ते गाव इतकं भारी कसं आहे? मी मागच्या महिन्यात जाऊन आले. शाळा बारावीपर्यंत झालीये. शेवटच्या गेटाला पण मोहरी आहे.

चंद्रप्रकाश : कारण आम्ही ते परत केलं! अशी माणसं सापडणार नाय तुला. साहिरामनंच सगळ्यांना बोलावलं. म्हणाला, मी खड्ड्यात घातलं, मीच काढतो. भात बंद. निलगिरी लावली, ती पाणी ओढते. चर खणले पाच मैल, बायकामुलं सगळी राबली. मी नऊच्या नऊ गेटांना लोखंडी खुंटी वेल्ड केली, ठरलेल्या उंचीच्या वर गेट जाणारच नाय, ब्रह्मदेव आला तरी. आणि पाळी उलटी केली. पहिलं पाणी शेवटच्या शेताला, मग वर वर येत शेवटी साहिरामला. सहा वर्षं लागली मीठ उतरायला. गेलेल्या अकरातली सात घरं परत आली. वाळवंट एकदा हिरवं करणं सोपं आहे, श्रुती. पाणी सोडलं की होतं. आम्ही ते दोनदा केलं.

श्रुतिका : आजोबा, हे सांगा! शब्दन् शब्द हेच सांगा. त्या काकांचं तोंड बंद होईल.

चंद्रप्रकाश : नाय सांगता येणार.

श्रुतिका : का?

चंद्रप्रकाश : जानकीला माहीत नाय.

श्रुतिका : म्हणजे?

चंद्रप्रकाश : अठ्ठ्याऐंशीला सुयोगच्या शाळेसाठी ती घाटकोपरला आली, माझ्या आईकडे. पांढरं झालं त्याच्या पुढच्या वर्षी. तिला एवढंच माहितीये की भात पसरलं. मी सांगितलं, सरकारनं बंद करायला लावलं. एकदा मे महिन्यात आली तेव्हा पांढरं बघून विचारलं तिनं, तर म्हटलं, ही जमीनच खारी. सगळ्या बायकांना सांगते ती, वाळवंटात भात लावलं म्हणून. तिकडची तिच्याकडे तेवढी एकच गोष्ट आहे. ती मी काढून घेऊ? सत्तरीला?

श्रुतिका : कॉलवर ती इथेच बसणार आहे.

चंद्रप्रकाश : म्हणून तर. तिला कसं तरी...

श्रुतिका : आजोबा, दार.

जानकी : बांगडेवाली इलीच नाय आज. बाजारापर्यंत जावन परत इलंय. काय झाला? दोघांची तोंडा कशाक अशी?

श्रुतिका : काही नाही गं आजी.

जानकी : माका शिकव नको. ह्यांचा नाक लाल झाला की काय झाला ता माका ठाव आसा, पंचेचाळीस वर्सां बघतंय. काय झाला वो?

चंद्रप्रकाश : बस इथे.

जानकी : उभ्यान सांगा.

चंद्रप्रकाश : बस गो. तुझ्या भातामुळे... नाय. माझ्या गेटामुळे. आपल्या खोलीमागची गळती मी मुद्दाम ठेवली होती. तुझं भात जगावं म्हणून. ती बघून सगळ्यांनी भात लावलं, मी त्यांना गेटं वर करून दिली. नको म्हणायला तोंड नव्हतं मला. आणि त्या भातानं तिकडची जमीन मेली. वर मीठ आलं आणि खाली पाणी पोचलं नाय. तू इकडे होतीस.

जानकी : सरकारान बंद केला म्हटलात.

चंद्रप्रकाश : खोटं सांगितलं.

जानकी : ...किती लोकांची?

चंद्रप्रकाश : अकरा घरं उठली.

जानकी : खालची?

चंद्रप्रकाश : खालची.

जानकी : शेवटच्या गेटाची?

चंद्रप्रकाश : जानके...

जानकी : धापू त्यातली काय?

चंद्रप्रकाश : हो.

जानकी : म्हणजे त्या मे महिन्यात मी थंय गेलंय, आणि तिच्या घराक दार नाय, चूल मोडलेली... तेव्हा तुमी माका काय सांगितलात? 'गेली ती नवऱ्याबरोबर, तुका सांगूक पण नाय थांबली.' असाच सांगितलात ना? मी तिका शिव्या घातलंय हो! इतकी वर्सां मनात धरलंय, की बघा, पाच मैल चलान येयची, माझी पेज खाल्ल्यान आणि जाताना तोंड पण दाखवूक नाय. आणि ती माझ्या भातापायी तहानेन उठली?

चंद्रप्रकाश : तुझ्या नाय, माझ्या...

जानकी : गप बसा! 'माझ्या गेटामुळे, माझ्या गेटामुळे.' भात काय गेटान लावल्यान? चाळीस वर्सां मी हळदीकुंकवाक मिरवतंय आणि तुमी बाजूक बसान ऐकतात? एकदा पण वाटूक नाय, हिका सांगूया म्हणून?

चंद्रप्रकाश : रोज वाटलं. तू ते सांगताना हसतेस. तिकडे गेल्यावर चार महिन्यांनी पहिल्यांदा हसली होतीस, ते तसंच हसतेस. मला धीर झाला नाय.

जानकी : माका हसवूक नको होता, सांगूक होया होता. माझ्या डोक्यात काय भुसो भरललो आसा? माका समजला नसता?

श्रुतिका : आजी, पाणी देऊ?

जानकी : नको. ती परत इली काय? धापू?

चंद्रप्रकाश : सात घरं परत आली. ती त्यात नव्हती. तिचा मुलगा आला, आता त्याचीच मुलं करतात ते शेत. ती वारली, मला पत्रानं कळलं. दोन हजार सालच्या आसपास.

जानकी : ...वारली.

श्रुतिका : आजी, मी कॉल पुढे ढकलते. सांगते त्यांना, घरी अडचण आहे.

जानकी : किती वाजले?

श्रुतिका : अकराला सात कमी.

जानकी : आज काय आसा थंय? पयल्यापासून सांग, आणि तुझा ता इंग्लिश नको.

श्रुतिका : तुमच्यासारखंच एक नवीन गाव आहे, त्याच कालव्यावर, खूप पुढे. वरच्या बारा शेतवाल्यांना भात लावायचंय. लावलं तर खालच्या अठरा घरांना पाणी उरणार नाही. आज मत देऊन ठरवणार. माझं कोणी ऐकत नाही, म्हणून आजोबांनी बोलावं असं मला वाटत होतं.

जानकी : आणि हे काय सांगणार होते? उंट घाबरलो, न्हावी इलो?

श्रुतिका : ...हो.

जानकी : कॉल पुढे ढकलायचो नाय. त्या अठरा घरांनी उठान गेल्यावर कोणाक पत्र पाठवूचा? चष्मो दे माझो.

चंद्रप्रकाश : जानके, तू नको. मी सांगतो सगळं. आता सांगतो, खरंच.

जानकी : तुमी सांगा ना, कोण नाय म्हणता? चर कसे खणलात, मीठ कसा काढलात, पाळी उलटी कशी केलात, सगळा सांगा. छाती फुगवून सांगा, ता तुमी केलात ना? पण भात कोणी आणि कशाक लावलो ता मी सांगतलंय. माका तांदूळ खावचो होतो. बास. त्या बारा जणांका पण काय तरी खावचाच आसतला, ते काय वाईट लोक नाय. मी पण वाईट नाय होतंय.

श्रुतिका : आजी, हिंदीत बोलावं लागेल.

जानकी : घाटकोपरच्या मार्केटात मी चाळीस वर्सां काय मालवणीत भाव केलंय? बोलतंय मी हिंदी. तू लाव.

चंद्रप्रकाश : हात धरू गो तुझा?

जानकी : धरा मगे. असे बाजूक बसा, माका कॅमेऱ्याभायर ढकलू नकात.

श्रुतिका : लागला. हां जी, नमस्ते! आवाज आ रही है? हां... हां, मेरे दादा-दादी बैठे हैं, चक तेईस वाले. आजी, बघ, सगळे आलेत. समोर सतरंजीवर ते बारा जण आहेत, पांढऱ्या फेट्यातले ते काका पण. चल, बोल.

जानकी : थांब. बायका खंय आसत?

श्रुतिका : मागे, दाराजवळ. पाच-सहा उभ्या आहेत. पदर घेतलेल्या.

जानकी : विचार, त्यांत शेवटच्या शेताची कोण?

श्रुतिका : भाईसाब, एक मिनट... दादी पूछ रही हैं, सबसे आखिरी खेत किसका है? ...हो, आहे म्हणतायत. ती कडेची, मूल कडेवर घेतलेली.

जानकी : तिका फुडे येवन बसूक सांग. तोपर्यंत मी थांबतंय.